बंद पडलेल्या जिल्हा परिषद प्रशालेचा इतिहास: कागद कुठे असतात आणि कसे वाचायचे

गोदाकाठ

मराठवाड्यातल्या जुन्या जिल्हा परिषद प्रशाला पटसंख्येअभावी बंद होत आहेत किंवा शेजारच्या शाळेत समायोजित होत आहेत. यातल्या कित्येक शाळा निजामी राज्यात सरकारी 'वस्तानिया' (मिडल) किंवा 'फोकानिया' (हायस्कूल) म्हणून सुरू झाल्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर त्या 'जि. प. प्रशाला' झाल्या आणि तालुक्यातल्या तीन-चार पिढ्या तिथे मॅट्रिक झाल्या. शाळा बंद होते तेव्हा इमारतीची चर्चा होते, दप्तराची होत नाही. खरा इतिहास दप्तरात असतो. म्हणून हा धागा केवळ कागदांसाठी काढला आहे. आठवणींचे धागे इथे बरेच आहेत, ते तिकडेच चालू द्यावेत ही विनंती.

सुरुवात एकाच वहीपासून करा: जनरल रजिस्टर. शाळेत याला 'जी.आर.' म्हणतात, शासन निर्णयालाही जीआरच म्हणतात, त्यामुळे कार्यालयात मागताना घोळ होतो. 'प्रवेश-निर्गम रजिस्टर' किंवा 'निर्गम उतारा' म्हटले की कारकुनाला लगेच कळते. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची यात एक आडवी ओळ असते. रजिस्टर क्रमांक, नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख व इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख व इयत्ता, कारण, शेरा, असे रकाने दोन पानांवर पसरलेले असतात. आईचे नाव जुन्या रजिस्टरांत नसते.

हे रजिस्टर कायम जतन करायचे असते. सरकारी अभिलेखांची वर्गवारी ठरलेली आहे: 'अ' कायम, 'ब' तीस वर्षे, 'क' दहा, 'क-१' पाच, 'ड' एक वर्ष. त्यामुळे हजेरीपट, फी-पावत्या, रजेचे अर्ज रीतसर नष्ट झालेले असू शकतात. त्यांच्यामागे महिने घालवू नका. जनरल रजिस्टर मात्र 'नाही' असे उत्तर आले तर ते मान्य करू नका, ते कुठेतरी असलेच पाहिजे.

कुठे शोधायचे, तर या क्रमाने: ज्या शाळेत समायोजन झाले तिचे मुख्याध्यापक, मग केंद्रशाळा, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी कार्यालय, मग जिल्हा परिषदेतले माध्यमिक शिक्षणाधिकारी. समायोजनाच्या वेळी दप्तर सोपवल्याची यादी केलेली असते, ती 'चार्ज यादी' आधी मागा. यादीत 'ज. रजिस्टर नग ५' असे लिहिले असेल आणि हाती तीनच आले, तर उरलेल्या दोनची चौकशी करायला आधार मिळतो.

---

जुने_दप्तर

चांगला धागा. दोन गोष्टी जोडतो.

पहिली, क्रमांक १ म्हणजे शाळेचा पहिला विद्यार्थी असे समजू नये. ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. जुने रजिस्टर फाटले की नव्या वहीत नक्कल करत. शाळा वस्तानियाची फोकानिया झाली की कधी क्रमांक पुढे चालू ठेवत, कधी पुन्हा एकपासून सुरू करत. नक्कल ओळखायची खूण अशी: पहिल्या साठ-सत्तर नोंदी एकाच अक्षरात, एकाच शाईत, एका हाताने सलग लिहिलेल्या आहेत, पण प्रवेशाच्या तारखा मात्र पाच-सात वर्षांवर पसरलेल्या आहेत. खऱ्या चालू रजिस्टरात दर जूनला शाई बदलते, मुख्याध्यापक बदलला की अक्षर बदलते, आणि वर्षाच्या मधल्या नोंदी वेगळ्या टाकाच्या दिसतात.

दुसरी, 'आधीची शाळा' हा रकाना सोडू नका. सुरुवातीच्या दहा वर्षांतला हा रकाना उतरवून काढला की त्या प्रशालेत किती गावांतून मुले येत होती त्याचा नकाशा तयार होतो. पुढे एखाद्या गावाचे नाव या रकान्यातून एकदम गायब झाले, तर त्या वर्षी तिथे दुसरे हायस्कूल निघाले का ते पाहा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते. सरकारी प्रशालांची गळती गावोगाव खासगी संस्थांची हायस्कुले निघाल्यापासूनची आहे, आणि ती या रकान्यात वर्षावार दिसते. इंग्रजी शाळा फार नंतर आल्या.

---

रेवा_७२

रजिस्टरात निम्म्या मुलांची जन्मतारीख १ जून आहे. हे काय प्रकरण आहे? नोंदी खोट्या आहेत का?

---

जुने_दप्तर

रेवाताई, खोट्या नाहीत, अंदाजाच्या आहेत. शाळा जूनमध्ये उघडे. जन्माची नोंद नसलेले मूल दाखल करायला आणले की गुरुजी वयाचा अंदाज घेत आणि प्रवेशाला बसेल अशी १ जून ही तारीख मांडत. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो.

इतिहास लिहिणाऱ्याला याचा उपयोग आहे. दर दहा वर्षांच्या नोंदींत १ जूनचे प्रमाण मोजा. ते खाली येत जाते, आणि ज्या काळात झपाट्याने घसरते तेव्हापासून त्या भागात जन्मनोंदी होऊ लागल्या असे धरता येते. उलट, एखाद्या विद्यार्थ्याचे वय काढून 'नवव्या वर्षी पाचवीत होता' असले विधान १ जूनच्या तारखेवरून करू नये.

---

मुदर्रिस

१९४८ च्या आधीच्या रजिस्टरांबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथेच लोक अडकतात आणि सोडून देतात.

हैदराबाद संस्थानात शाळांचे तीन टप्पे होते: तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मिडल, फोकानिया म्हणजे हायस्कूल. मुख्याध्यापक म्हणजे सदर मुदर्रिस. वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू, म्हणून रजिस्टरही उर्दूत आणि उजवीकडून डावीकडे. पहिले पान म्हणून तुम्ही जे उघडता ते शेवटचे असते. फोटो काढताना हे आधी ठरवले नाही तर पानांचा क्रम उलटा लागतो आणि नंतर दुरुस्त करताना जीव जातो.

तारखा फसली सनात, म्हणजे निजामी कारभाराच्या महसुली कालगणनेत, असतात. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्याच्या १ तारखेला सुरू होई. महिने असे: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहर, आबान. आजूर म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि अमरदाद म्हणजे जून-जुलै.

इसवी सन काढायला दोन आकडे लक्षात ठेवा. आजूर, दै आणि बहमनचे डिसेंबरात येणारे दिवस असतील तर ५९० मिळवा. तिथून पुढे आबानपर्यंत ५९१ मिळवा. ताळा करायला एक पक्की खूण: जहागिरी रद्द करणारा हैदराबादचा कायदा १३५८ फसलीचा आहे आणि तो ऑगस्ट १९४९ मध्ये लागू झाला. १३५८ अधिक ५९१ बरोबर १९४९.

सरसकट ५९० मिळवणारे लोक जून-जुलैच्या प्रत्येक प्रवेशात एक वर्ष चुकतात. काही शाळांच्या फलकावरचे स्थापना वर्ष या एका वर्षाने मागे गेलेले असते. पुढे रजिस्टरांची मराठी नक्कल करतानाही हीच चूक झालेली आढळते, आणि एकाच माणसाच्या दोन दाखल्यांत एका वर्षाचा फरक पडतो.

उर्दू आकड्यांत तीन सापळे आहेत. सात आणि आठ एकमेकांचे उलटे आहेत, सातचे तोंड वर उघडे, आठचे खाली. वही उलटी धरून काढलेला फोटो वाचला की ७ चे ८ होतात. दोन आणि तीन यांत फक्त एका दात्याचा फरक, घाईच्या लिखाणात तो दाता बुडतो. आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. कसरीने खाल्लेला ठिपका दहाचा एक करतो, शाईचा उडालेला थेंब एकाचे दहा करतो. म्हणून आकड्यावर विसंबू नका. जन्मतारीख अक्षरी लिहिलेली असते, ती वाचा. रजिस्टर क्रमांक मागच्या-पुढच्या ओळीवरून ताडून पाहा.

---

गोदाकाठ

मुदर्रिस साहेब, हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे. एक विचारायचे होते. १९४८ च्या शेवटी बऱ्याच रजिस्टरांत एकापाठोपाठ नावे कमी केलेली दिसतात, कारणाच्या रकान्यात फक्त 'गैरहजर'. हे कसे लिहावे?

---

मुदर्रिस

जपून आणि खरे लिहावे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अॅक्शनच्या आधी रझाकारांच्या हिंसेमुळे लोक गाव सोडून गेले, आणि नंतर सूडाच्या हिंसेमुळेही गेले. पंडित सुंदरलाल समितीने त्या नंतरच्या काळाची पाहणी केली होती. रजिस्टरात दोन्ही वेळच्या गळत्या दिसू शकतात, मात्र कारण त्यात नसते. त्यामुळे महिन्यावार आकडे काढा: १३५६, १३५७, १३५८ फसलीत कोणत्या महिन्यात किती नावे कमी झाली, त्यांपैकी किती पुन्हा दाखल झाली. पुन्हा दाखल झालेल्यांची ओळ नव्या क्रमांकाने पुढे कुठेतरी सापडते आणि शेऱ्यात जुना क्रमांक असतो. आकडे मांडा, तारखा मांडा. एकेका कुटुंबाबद्दल अंदाज लिहू नका. गावात विचाराल तर दोन्ही समाजांच्या घरी विचारा.

शिक्षकांची यादीही याच काळात बदलते. उर्दू माध्यम जाऊन मराठी येते ते एका दिवसात आलेले नाही. खालचे वर्ग मराठी आणि मॅट्रिकचा वर्ग अजून उर्दू, अशी मधली वर्षे असतात. पगारपत्रके मिळाली तर त्यात कोणत्या विषयाला कोण शिक्षक होते ते दिसते.

---

तीन_जिल्हे

जिल्हा कोणता हे आधी ठरवा, नाहीतर चुकीच्या कार्यालयात वर्ष जाईल. मराठवाड्याच्या हद्दी इतक्यांदा बदलल्या आहेत की आजचा जिल्हा हा शोधाचा शेवटचा थांबा समजावा.

उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उस्मानाबादला (आता धाराशिव) जोडले गेले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर लातूरला आले. म्हणजे उदगीरच्या शाळेचा कागद तीन जिल्ह्यांच्या नावाखाली सापडू शकतो. किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडला आले, त्यातला राजुरा १९५९ मध्ये चांद्याला (आता चंद्रपूर) गेला. जालना १ मे १९८१ ला औरंगाबादेतून निघाला, पण परतूर परभणीतून आला. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणीत होती.

म्हणून परतूरच्या प्रशालेचे १९७० चे मान्यतेचे पत्र जालन्यात मागू नका, परभणीत मागा. जिल्हा फुटताना चालू फायली नव्या जिल्ह्याला गेल्या, बंद झालेल्या फायली बहुतेक ठिकाणी जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातच राहिल्या.

संस्थानकाळातले शिक्षण खात्याचे कागद हैदराबादला तारनाका इथल्या राज्य अभिलेखागारात आहेत. तिथे जाण्याआधी गावाचे उर्दू स्पेलिंग, तालुका, त्या वेळचा जिल्हा आणि फसली सन एका कागदावर लिहून न्या. नुसत्या गावाच्या नावावर काही निघत नाही.

---

रेवा_७२

आणि ज्यांना कुठल्याच सरकारी कार्यालयात दाद मिळत नाही त्यांनी? छापील काही मिळते का?

---

जुने_दप्तर

मिळते, आणि घरबसल्या मिळते. जनगणनेची जिल्हा हस्तपुस्तिका. १९७१, १९८१, १९९१ च्या पुस्तिकांत गाववार सुविधांचा तक्ता आहे. शिक्षणाच्या रकान्यात पी म्हणजे प्राथमिक, एम म्हणजे मिडल, एच म्हणजे हायस्कूल. १९७१ ला 'पी, एम' आणि १९८१ ला 'पी, एम, एच' असेल तर हायस्कूल त्या दहा वर्षांत आले. वर्ष कळत नाही, पण शोधाची पट्टी दहा वर्षांवर येते. जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर या पुस्तिका आहेत.

मराठवाड्याच्या जिल्हा गॅझेटियरांत शिक्षणाचे प्रकरण असते, मात्र त्यात प्रमुख शाळाच येतात. तिथे नाव नाही म्हणजे शाळा नव्हती असा अर्थ काढू नये.

जमिनीचे कागदही पाहा. शाळेची जागा कोणी दिली हे फलकावर एक असते आणि फेरफारात दुसरे. १९५४ चे खासरा पाहणी पत्रक, त्यानंतरचे सातबारे आणि जिथे जिल्हा परिषदेचे किंवा सरकारचे नाव लागले तो फेरफार क्रमांक, एवढे काढले की जागा बक्षीसपत्राने आली, संपादनाने आली की गायरानातून दिली ते कळते. सोबत ग्रामपंचायतीची ठराव वही पाहा. 'हायस्कुलास इमारतीसाठी श्रमदान' किंवा 'दर घरी वर्गणी' असा ठराव त्यात निघाला तर सोने समजा.

---

वही_वाचवा

रजिस्टर हाती आल्यावर काय करायचे, यावर लिहितो. मिळालेली वही आपल्याच हातून खराब होण्याचे प्रमाण मोठे आहे.

वही शाळेच्या किंवा कार्यालयाच्या बाहेर नेऊ नका, परवानगी मिळाली तरी. तिथेच फोटो काढा. खिडकीजवळ टेबल, उजेड बाजूने, फ्लॅश बंद. फ्लॅशने जुनी निळी-काळी शाई चकाकते आणि पुसट अक्षरे नाहीशी होतात. पंखा बंद ठेवा, सुटलेले तुकडे उडतात. वही पूर्ण सपाट दाबू नका, बांधणीत तडकते. दोन्ही बाजूंना गुंडाळलेला टॉवेल ठेवून व्ही आकारात टेकवा.

डावे पान वेगळे, उजवे वेगळे काढा, मग जोडीचा एक फोटो. मराठी वहीत एका मुलाची ओळ डाव्या पानावर सुरू होऊन उजव्यावर संपते. पान सुटे झालेले असते किंवा शिलाई सरकलेली असते, मग डावीकडची पंधरावी ओळ उजवीकडच्या सोळाव्याला जोडली जाते आणि तिथून पुढे सगळ्या मुलांची शाळा सोडल्याची तारीख दुसऱ्याच्या नावावर चढते. जोडीच्या फोटोत ओळीवर लाकडी पट्टी आडवी ठेवली की हा घोटाळा टळतो. पट्टीमुळे पानाचे मापही कळते.

दोनशे पानी वहीचे साधारण तीनशे फोटो होतात. दोघे असावेत, एकाने पान उलटावे, दुसऱ्याने फोटो काढावा. फायलीला नाव लगेच द्या: रजिस्टर क्रमांक, पान क्रमांक, डावे की उजवे. 'नंतर देऊ' म्हटले की ते राहते.

पान भिजलेले असेल तर उन्हात टाकू नका, कागद आखडतो आणि शाई पसरते. टिपकागद घालून सावलीत, वाऱ्यावर सुकवा, टिपकागद दर काही तासांनी बदला. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच लावू नका. काही वर्षांत टेप पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो आणि त्याखालची अक्षरे जातात. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, ते परत काढता येत नाही. तुकडे साध्या पांढऱ्या कागदाच्या लिफाफ्यात ठेवा आणि लिफाफ्यावर पान क्रमांक पेन्सिलीने लिहा.

वाळवी असेल तर ती वही बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवा आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. वाळवी भिंतीतून येते.

---

तीन_जिल्हे

वही_वाचवा यांच्या प्रतिसादाला जोडून: फोटो काढण्याआधी तहसील कार्यालयात विचारा. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध घेताना, न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात, शाळांची जुनी रजिस्टरेही तपासली गेली. बऱ्याच ठिकाणी पानांच्या प्रती निघाल्या आहेत आणि काही जिल्ह्यांनी त्या संकेतस्थळावर टाकल्या आहेत. भर प्राथमिक शाळा आणि १९६७ च्या आधीच्या नोंदींवर आहे, पण एकाच आवारात प्राथमिक आणि हायस्कूल असेल तर दोन्हींची रजिस्टरे मिळण्याची शक्यता असते. फक्त विशिष्ट नोंदीचेच पान घेतलेले असते, पूर्ण वही क्वचित. म्हणून ती प्रत शोधाची सुरुवात समजा.

---

अर्जदार

माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा असे दोघांनी निरोपात विचारले, इथेच देतो.

महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. 'शाळेचा संपूर्ण इतिहास द्यावा' असे मागितले तर 'माहिती संकलित करून देता येत नाही' असे उत्तर येते, आणि ते नियमाला धरूनच असते. कागद मागा, इतिहास मागू नका. मजकूर असा ठेवा (संचमान्यता म्हणजे वर्गवार पट आणि मंजूर पदांचा कागद):

'मौजे अमुक, ता. अमुक येथील जि. प. प्रशाला बंद/समायोजित झाली आहे. सदर शाळेच्या (१) दप्तर हस्तांतरणाची चार्ज यादी, (२) समायोजनाचा आदेश, (३) शेवटच्या तीन वर्षांच्या संचमान्यतेच्या प्रती द्याव्यात. तसेच सदर शाळेचे जनरल रजिस्टर, शेरेबुक व डेडस्टॉक रजिस्टर यांचे प्रत्यक्ष निरीक्षण करू द्यावे.'

निरीक्षणाचा पहिला तास मोफत असतो, आणि प्रतीपेक्षा निरीक्षणाचा उपयोग जास्त, कारण काय मागायचे ते वही पाहिल्यावरच कळते. साक्षांकित प्रत पानाला दोन रुपये. उत्तराची मुदत तीस दिवस. कागद दुसऱ्या कार्यालयात असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणे कलम ६(३) नुसार त्यांचेच काम आहे. अर्जात कलमाचा उल्लेख केला तर अर्ज परत येत नाही, पुढे जातो. मुदतीत उत्तर नाही आले तर तीस दिवसांत पहिले अपील, वीस रुपयांचा स्टँप.

जनरल रजिस्टराच्या पूर्ण प्रती मागितल्या तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील, आणि त्यात तथ्य आहे. जात आणि जन्मतारीख हे हयात माणसांचे तपशील आहेत. पुस्तकात किंवा इथे एकेकट्याची ओळ छापू नका. मोजलेले आकडे छापा.

---

रेवा_७२

शेरेबुक म्हणजे तपासणीचे?

---

मुदर्रिस

होय. तपासणीला आलेला अधिकारी त्यात शेरा लिहून सही करी. गावात त्याला 'दिपोटी साहेब' म्हणत. मुंबई इलाख्याकडचा हा डेप्युटीचा अपभ्रंश पुढे इकडेही रुळला. जनरल रजिस्टरात मुले असतात, शेरेबुकात शाळा असते. किती वर्ग भरत होते, किती शिक्षक हजर होते, विज्ञानाचे साहित्य कुलपात आहे की वापरात, मुलींसाठी मुतारी आहे का, पावसाळ्यात कोणती खोली गळते, हे सगळे त्यात. एकच शेरा तीन तपासण्यांत ओळीने आला, उदाहरणार्थ 'पूर्तता करावी', तर काम झाले नाही हे निश्चित.

डेडस्टॉक रजिस्टर शेजारी ठेवून वाचा. त्यात वस्तू, नग, किंमत, खरेदीची तारीख आणि शेवटी निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू बाद केल्याचा, रकाना असतो. घंटा (किंवा रुळाचा तुकडा), नकाशे, पृथ्वीगोल, बाके, शिवणयंत्र, सुतारकामाची हत्यारे. माध्यमिक शिक्षणाच्या मुदलियार आयोगानंतर काही प्रशाला बहुउद्देशीय म्हणजे 'मल्टीपर्पज' झाल्या, त्यांच्या डेडस्टॉकमध्ये शेतीची अवजारे आणि वर्कशॉपची यंत्रे दिसतात. ती यंत्रे कोणत्या वर्षी निर्लेखित झाली ते पाहा. तो विषय बंद पडला ते वर्ष साधारण तेच.

---

गोदाकाठ

परीक्षांबद्दल थोडक्यात मीच लिहितो, म्हणजे गोंधळ टळेल. मराठवाड्यात आधी उस्मानिया मॅट्रिक आणि एच.एस.एल.सी., पुढे एस.एस.सी. राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ पासून. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली एस.एस.सी. १९७५ मध्ये झाली. त्यामुळे जुने विद्यार्थी 'अकरावी पास' म्हणतात ते बरोबरच आहे, ज्युनिअर कॉलेजशी त्याचा संबंध लावू नका. युडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) मात्र २०१२-१३ च्या आसपासचा प्रकार, त्याआधी बंद झालेल्या शाळेला तो मिळणारच नाही. अकरा आकड्यांच्या त्या क्रमांकात पहिले २७ म्हणजे महाराष्ट्र.

---

रेवा_७२

धाग्याच्या सुरुवातीला आठवणी नकोत म्हटले आहे, ते पटत नाही. शेरेबुक हरवले असेल तर जुन्या विद्यार्थ्यांशिवाय कोण सांगणार?

---

जुने_दप्तर

रेवाताईंचे बरोबर आहे. फक्त विचारण्याची रीत हवी. 'शाळा कधी सुरू झाली?' विचारले तर फलकावरचे वर्ष ऐकू येते. 'बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कितवीत होता? सुकडी कुठल्या खोलीत वाटायचे?' असे विचारा, म्हणजे वर्षही मिळते आणि इमारतीचा नकाशाही. पोलीस अॅक्शन, बहात्तरचा दुष्काळ, अठ्ठ्याहत्तरचे नामांतराचे आंदोलन, ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, या चार खुणांवर मराठवाड्यातल्या माणसाची तारीख पक्की बसते. उत्तर आले की रजिस्टरात त्यांची ओळ पाहा, जुळले तर घ्या.

किल्लारीच्या भागात एक जादा काम आहे. भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसली. शाळा जुन्या गावठाणात पडली आणि नव्या गावात नव्या इमारतीत उघडली, रजिस्टर तेच चालू राहिले की नवे सुरू झाले हे प्रत्येक गावात वेगळे. ऑक्टोबर १९९३ ची पाने काढून क्रमांक सलग आहेत का तेवढे पाहिले की कळते. जायकवाडीच्या नाथसागरात गेलेल्या गावांनाही हीच पद्धत लावा.

---

अर्जदार

शेवटच्या वर्षांसाठी संचमान्यता सोडू नका. वर्गवार पट, मंजूर पदे, भरलेली पदे एका कागदावर येतात. पाच-सात वर्षांच्या प्रती ओळीने लावल्या की आधी काय कमी झाले ते दिसते. पट कमी झाला म्हणून शिक्षक गेले, असे आदेशात लिहिलेले असते. कित्येक ठिकाणी क्रम उलटा आहे: आधी गणिताचे आणि इंग्रजीचे पद रिक्त राहिले, २०१२ नंतर भरती थांबलेली असल्याने ते भरले नाही, मग नववी-दहावीची मुले दुसरीकडे गेली आणि मग पट घसरला. शाळा का बंद पडली या प्रश्नाचे उत्तर या क्रमात आहे, म्हणून रिक्त पदाची तारीख आणि पट घसरल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहा.

---

मुदर्रिस

आणि जनरल रजिस्टराचे शेवटचे लिहिलेले पान जरूर पाहा. रीतसर बंद केलेल्या शाळेत शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ, एकूण नोंदींचा आकडा अंकी व अक्षरी, समायोजन आदेशाचा क्रमांक आणि मुख्याध्यापकाची सही-शिक्का असतो. त्याच्या वरच्या पाच-पंधरा ओळींत सगळ्यांची सोडल्याची तारीख एकच असते, कारण एकच असते, आणि पुढच्या शाळेचे नाव लिहिलेले असते. त्या शाळेच्या रजिस्टरात ही मुले त्याच आठवड्यात दाखल झालेली दिसली पाहिजेत. यादी घेऊन ताडून पाहा. इकडे पंधरा मुले सुटली आणि तिकडे अकराच दाखल झाली, तर उरलेल्या चौघांचे क्रमांक टिपून ठेवा. त्यांत मुली किती आणि घरापासून नवी शाळा किती किलोमीटरवर पडली, हे दोन रकाने त्याच यादीला जोडा.